टॉप नेमका कुठं?

ताई शाळेतून निवृत्त झाली तेव्हा तिला शाल मिळाली, साडी मिळाली आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. समारंभ आटोपून आम्ही घरी आलो. घड्याळ तिनं खोक्यातून बाहेरसुद्धा काढलं नाही. चहा पिता पिता मला म्हणाली, "रविवारी ये. बाबांची गाडी खोलाची हाये."

मला वाटलं, भंगारात द्यायची म्हणून साफ करायची असेल. म्हणून मी जुनी साडी पिशवीत टाकून गेले. गेल्यावर कळलं की गाडी द्यायची नव्हती, चालवायची होती.

आमचं घर अनसिंगला, बसस्टँडाकडं जाणाऱ्या रस्त्यावर. ताई तिथं मायसोबत राहते. तिनं लग्न केलं नाही. त्याबद्दल गावाला जेवढं विचारायचं होतं तेवढं विचारून झालंय, आता कोणी विचारत नाही. मी धाकटी. माझा संसार वाशीमला, नोकरी वीज कार्यालयात. रविवारी मी बसनं अनसिंगला जाते, मायच्या हातचं जेवते आणि ताईशी भांडून परत येते. आमचं भांडण तसं काही गंभीर नसतं. ताई पस्तीस वर्षं वर्गासमोर उभी राहिली, त्यामुळे तिला आपलं म्हणणं चुकेल असं वाटत नाही. मी तिची बहीण, त्यामुळे मलाही वाटत नाही.

बाबा हिवताप खात्यात होते. मानोऱ्याकडच्या तांड्यांवर फिरायचं, तापानं फणफणलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, आणि दाराशेजारच्या भिंतीवर गेरूनं तारीख लिहून पुढच्या घरी जायचं. एवढं फिरायला त्यांनी कुणाकडून तरी जुनी मोटारसायकल घेतली होती. टू-स्ट्रोक, एकाच पिस्टनची. गार करायला पाणी नाही, पंखा नाही. सिलिंडरच्या बाहेरून पत्र्याच्या पाकळ्या होत्या, त्यांना लागेल तेवढा वारा आणि तेवढंच तिचं गार होणं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तो वारासुद्धा चुलीतून आल्यासारखा असायचा, पण गाडीनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. तिची तक्रार वेगळीच होती. ती किकनं चालू व्हायची नाही.

म्हणजे चालू व्हायची, पण ढकलून. सकाळी बाबा सीटवर बसायचे, औषधांची पेटी पुढं टाकीवर ठेवायचे, आणि आम्ही दोघी शाळेच्या गणवेशात मागून गाडी ढकलायचो. बाबा पुढं बघूनच म्हणायचे, "जोर लावा, पोरीहो." आम्ही जोर लावायचो. गाडी दोन-तीनदा खोकायची, एकदा फाटकन् वाजायची आणि निळ्या धुरात बाबा निघून जायचे. आम्ही तो धूर पुसत शाळेत. गाडी लवकर चालू झाली नाही की बाबा म्हणायचे, आज पोरी जेवल्या नाहीत वाटतं.

मायचं त्या गाडीशी कधीच पटलं नाही. लग्नाकार्याला निघालं की मायला मागं बसवायचं, आणि अर्ध्या वाटेत उतरवून ढकलायला लावायचं. नेसूचं लुगडं, डोक्यावर पदर आणि हातात आहेराची पिशवी अशा थाटात ती गाडी ढकलायची. त्यामुळे ताईनं गाडी नीट करायचं जाहीर केलं तेव्हा माय एवढंच म्हणाली, "मेला तो सुटला. तुमाले काय पडलं?"

बाबा गेल्यानंतर गाडी पडवीत उभी होती. पिस्टन आत गंजून धरला होता, किक खाली जातच नव्हती. ताईनं फोनवर व्हिडिओ बघून बघून इंजिन खोलायला घेतलं. मी पाने द्यायचं काम करायचे. नट निघाला नाही की ती माझ्याकडं बघायची, जणू मीच तो आवळलाय. शेवटी सिलिंडर आणि क्रँक पोत्यात घालून आम्ही वाशीमच्या एका मिस्त्रीकडं नेलं. हा मिस्त्री आमच्या बाबांच्या ओळखीतला, आता म्हातारा झालेला. त्यानं सिलिंडर घासून आणला, नवा पिस्टन आणि रिंगा मिळवून दिल्या, क्रँकच्या बेअरिंगा बदलल्या. म्हणाला, आणून टाका पूर्ण गाडी, जोडून देतो. ताई नको म्हणाली. जोडणी घरीच, आणि आमच्याच हातानं. मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. तो म्हणाला, ठीक आहे, अडलं तर फोन करा. आणि मुलीचं बाळंतपण होतं म्हणून तो नांदेडला निघून गेला.

जोडणी मला वाटली होती त्यापेक्षा बरी झाली. स्वयंपाकघरातल्या परातीत रॉकेल घेऊन एकेक भाग धुतला. रिंगा सिलिंडरमध्ये बसवताना ताईनं श्वास रोखून धरला होता आणि मी बोटांनी रिंगा दाबून धरल्या होत्या. सिलिंडर खाली सरकून जागेवर बसला तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसलो. तसं आम्ही बऱ्याच वर्षांत हसलो नव्हतो. मग टायमिंग आलं, आणि आम्ही पुन्हा पूर्वीसारख्या झालो.

टायमिंगची गोष्ट समजायला सोपी आहे. पिस्टन सिलिंडरमध्ये खालीवर जातो. वर जाताना तो हवा-पेट्रोल दाबत नेतो. तो अगदी वर पोचायच्या जरासं आधी ठिणगी पडायला पाहिजे. लवकर पडली तर इंजिन किकला लाथ मारतं, उशिरा पडली तर नुसतंच खोकतं. आता 'पोचायच्या जरासं आधी' म्हणजे कुठं हे ठरवायचं, तर अगदी वर म्हणजे कुठं हे आधी माहीत पाहिजे. त्या जागेला मिस्त्री लोक 'टॉप' म्हणतात. ताईनं फोनवर त्याचं पूर्ण इंग्रजी नाव शोधून काढलं, टॉप डेड सेंटर, आणि शिक्षिकेच्या सवयीनं लगेच त्याचं भाषांतर केलं. वरचा मेलेला मध्य. माय आतून म्हणाली, सकाळी सकाळी मेल्याचं काय काढलं.

टॉप शोधायला आम्ही मायची स्वेटर विणायची सुई घेतली. प्लगच्या भोकातून ती आत सोडली, टोक पिस्टनवर टेकलं. बाजूला मॅग्नेटचं चाक असतं, जड लोखंडाचं, क्रँकवर बसवलेलं. ते हातानं फिरवलं की पिस्टन वर येतो आणि सुईही वर येते. सुई वर यायची थांबली की टॉप. इतकं सरळ काम. मी चाक फिरवत होते, ताई सुईवर डोळा ठेवून बसली होती.

"थांब," ताई म्हणाली. "झालं."

मी वाकून बघितलं. मला वाटलं, अजून जराशी येतेय. मी चाक केसभर पुढं ढकललं. सुई हलली की नाही हे काही मला सांगता आलं नाही, पण हलली असावी असं मला वाटलं. ताईला वाटलं, नाही हलली. आम्ही पुन्हा केलं. मग मी सुईवर बसले आणि ताईनं चाक फिरवलं. या वेळी मी म्हटलं झालं, तर ताई म्हणाली, कधीचंच झालंय. त्या जागी आल्यावर सुई थांबल्यासारखी दिसते, चाक मात्र फिरत राहतं. बरंच फिरतं. या बरंच फिरण्यात टॉप कुठं तरी असतो, पण तो कुठं हे सुई सांगत नाही, आणि दोन बहिणींनी तर मुळीच सांगू नये.

तरी आम्ही दोघींनी सांगितलं. ताईनं तिच्या टॉपला चाकाच्या कडेवर, इंजिनाच्या अंगावरच्या खाचेसमोर, लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. मी माझ्या टॉपला ऑफिसात खोडायला वापरतात त्या पांढऱ्या शाईचा. दोन ठिपक्यांत बोटाच्या पेराएवढंसुद्धा अंतर नव्हतं. पण त्या अंतरावरून आम्ही जेवताना बोललो नाही. शेवटी, ताई मोठी म्हणून, तिचा लाल ठिपका धरून ठिणगीचा पॉइंट, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा भाग, लावायचं ठरलं.

पुढच्या रविवारी गाडी पूर्ण जोडून अंगणात उभी राहिली. उन्हाळ्याचे दिवस होते. मायनं खाटेवर धोतर अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या आणि पलीकडं बसून ती काठीनं शेळ्या हाकत होती. दोरीवर धुतलेली वाकळ टाकली होती. विहारातल्या वंदनेहून पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया परतत होत्या. ताईला गाडीशी झटताना बघून त्या फाटकाशी थांबल्या. बघणारे जमले की ताईचा आवाज आपोआप वर्गातला होतो. तिनं त्यांना टू-स्ट्रोक म्हणजे काय ते थोडक्यात समजावून सांगितलं. मग तिनं किक मारली.

पहिल्याच किकला गाडीनं तिचा पाय उलटा वर फेकला. ताई कळवळली, पण फाटकात बाया होत्या, म्हणून ती हसली. दुसऱ्या किकलाही तेच. तिसऱ्या किकला पाय तसाच उलटा उडाला, आणि त्या झटक्यातच इंजिन चालू झालं. चक्क चालू झालं. आवाज जरा घसा बसल्यासारखा होता, पण चालू होतं. फाटकातल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, अर्थात त्यात धुराचा वाटा होता.

ताई सीटवर बसली. तिनं रस्त्याकडं तोंड करून, बायांना बाजूला व्हायची खूण केली. पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

गाडी मागं निघाली.

हळूहळू नाही, चांगली झपाट्यानं निघाली. ताईचं तोंड रस्त्याकडं, हात हँडलवर, नजर समोर, आणि गाडी मात्र पाठीमागं खाटेच्या दिशेनं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. वर्गात कोणी भलतंच उत्तर दिलं की होतो तसा चेहरा होता. आधी वाकळ तिच्या डोक्यावर आली, मग मागचं चाक खाटेच्या पायाला धडकलं, कुरडयांचं धोतर घसरलं आणि इंजिन बंद पडलं. माय जागची हलली नव्हती. तिनं नुसती काठी पुढं धरली होती, शेळीला धरतात तशी.

वाकळीखालून काही हालचाल दिसेना तेव्हा माय म्हणाली, "समोर जाचं सोडून मांगं काहून येऊन राह्यली वं?"

बाया हसायच्या थांबेनात. एकीनं तर फाटकाला धरून बसकण मारली. ताई वाकळीतून बाहेर आली, केस सारखे केले आणि त्यांना म्हणाली की ही चाचणी होती. ती आत गेल्यावर मी खाली बसून कुरडया वेचायला घेतल्या. हसू आवरत नव्हतं, म्हणून तोंड खाली ठेवायला ते काम बरं होतं.

आधी आम्हाला वाटलं, गिअर उलटे बसले. पण मग मागचं चाक अधांतरी राहील अशी गाडी स्टँडवर उभी केली आणि पुन्हा चालू करून बघितली. मॅग्नेटचं झाकण काढलेलंच होतं. चाकावरचे आमचे लाल-पांढरे ठिपके भिंगरीसारखे फिरत होते, आणि ते उलटे फिरत होते. गिअर बरोबर होते. अख्खं इंजिनच उलट्या दिशेनं चाललं होतं.

मी नांदेडला मिस्त्रीला फोन लावला. सगळं सांगून झाल्यावर तो आधी फोन लांब धरून पोटभर हसला. त्यानं सांगितलं, टू-स्ट्रोकचं असंच असतं. चार-स्ट्रोकसारखं तिचं नसतं, तिला पुढं काय आणि मागं काय, दोन्हीकडं फिरता येतं. ठिणगी फार लवकर पडली की ती लाथ मारते आणि त्या लाथेतच उलटी चालू होते. म्हणजे आमचा टॉप चुकला होता. मग बरोबर टॉप कसा धरायचा, असं विचारलं, तर म्हणाला, मी तर प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून बघतो. कसं बघता, ते मात्र त्याला सांगता येईना. अंगठ्याला कळतं, म्हणाला. आम्ही दोघींनी अंगठे ठेवून बघितले. आमच्या अंगठ्यांना काही कळलं नाही. ते काळे तेवढे झाले.

त्या आठवड्यात ताईनं फोनवर शोधाशोध केली. रविवारी मी गेले तर तिनं मला एक व्हिडिओ दाखवला. कुठल्या तरी थंड देशातला एक जाडजूड म्हातारा, लोकरीची टोपी घालून, असंच एक इंजिन पुढ्यात घेऊन बसला होता. भाषा कुठली होती कोण जाणे. ताई हिंदीची शिक्षिका, पण तिनं बेधडक भाषांतर करायला घेतलं. म्हातारा काही तरी बोलला की ताई सांगायची, "आता म्हणून राह्यला, सुई फेकून द्या." मी विचारलं, तुला कसं कळलं. म्हणाली, त्याचं तोंड बघ ना. एकदा म्हातारा बराच वेळ बोलला, तर ताई म्हणाली, हे त्याचं घरचं असावं. पण म्हाताऱ्याचे हात दिसत होते आणि हातांना भाषा लागत नव्हती.

त्यानं जे केलं ते असं. पिस्टन कुठं थांबतो ते बघतच बसायचं नाही. त्याला आपणच अडवायचं. प्लगच्या भोकात एक खुंटी बसवायची. ती इतकी लांब पाहिजे की पिस्टन वर पोचायच्या थोडं आधीच तिला येऊन टेकेल. चाक हळूच एका बाजूनं फिरवायचं, पिस्टन खुंटीला टेकला की चाकावर खूण करायची. मग उलट बाजूनं फिरवत आणायचं, पुन्हा टेकला की दुसरी खूण. टॉप या दोन खुणांच्या बरोबर मध्ये. डोळ्याला तिथं काही करायचंच नाही. म्हाताऱ्यानं शेवटी टोपी काढून डोकं खाजवलं आणि हसला. ताई म्हणाली, हे तिला शब्दशः कळलं.

खुंटी करायला एक जुना प्लग घेतला. त्यातली पांढरी चिनीमाती हातोडीनं फोडून काढली आणि नुसतं लोखंडी कवच घेऊन बाजारातल्या वेल्डिंगवाल्याकडं गेलो. त्यात हा बोल्ट बसवून डाग मारून दे म्हटलं. त्यानं विचारलं, कशासाठी. ताई म्हणाली, पिस्टन अडवायला. त्यानं डाग मारला, पण आम्ही दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत तो शेजारच्याला सांगत होता की मास्तरीण बाई गाडीच्या मागं जाण्यावर इलाज करून राहिल्या. बोल्टचं टोक खरखरीत होतं, पिस्टनला ओरखडा पडला असता. ते ताईनं मायच्या पाट्यावर घासून गोल केलं. मायनं त्याबद्दल आम्हाला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. पाटा आम्हाला तीनदा धुवावा लागला.

चाकाच्या कडेला खुणा करायच्या तर कडा स्वच्छ पाहिजे. लाल आणि पांढरा ठिपका तेवढे राखून मी बाकीचं चाक रॉकेलच्या चिंधीनं पुसायला घेतलं. इतके दिवस आम्ही वरवरच पुसलं होतं. खरवडल्यावर जुन्या ग्रीसचा एक काळा थर निघाला आणि त्याच्या खाली लोखंडावर काही तरी कोरलेलं दिसलं. एक रेघ, रेघेला बाणासारखं टोक, आणि खाली 'टॉ'.

ट ला लांब शेपूट होतं. असा ट आमच्या ओळखीत एकाच माणसाचा होता. भिंतीभिंतीवर गेरूनं लिहिणाऱ्याचा.

ताईनं माझ्या हातातली चिंधी घेऊन ती रेघ पुन्हा पुसली. मग म्हणाली, "पाह्यलं का? बाबांनं करून ठेवलं होतं. आपण उगंच डोकं फोडून राह्यलो." तिचा आवाज बदलला होता. मलाही वाटलं, झालं, संपलं काम. आता ही रेघ धरायची आणि पॉइंट लावायचा. पण वेल्डिंग केलेली खुंटी मांडीवर होती. ती करण्यापायी पाट्यावरून बोलणी खाल्ली होती. मी म्हटलं, आता आणलीच आहे तर अडवून बघू. बाबांचं बरोबर निघालं तर बरंच आहे.

इंजिनाच्या अंगाला एक तार बोल्टनं बांधली आणि तिचं टोक त्याच खाचेसमोर चाकाच्या कडेवर आणलं, काट्यासारखं. खुंटी बसवली. कडेवर कागदाची पट्टी चिकटवली. मी चाक इतकं हळू फिरवलं की हाताला फक्त वजन कळत होतं. पिस्टन टेकला. काही आवाज नाही, नुसतं हाताला 'बस' म्हटल्यासारखं झालं. ताईनं तारेसमोर पट्टीवर पेन्सिलीची रेघ मारली. मग उलट फिरवून आणलं. पुन्हा 'बस'. दुसरी रेघ मारायला ताई वाकली तर तिचा पदर तारेत अडकला आणि तार हलली. आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी ताईनं पदर कमरेला खोचला होता.

पट्टी काढली. दोन रेघा एकमेकींवर येतील अशी दुमडली, नखानं घडी दाबली आणि उलगडली. घडीच्या जागी टॉप. पट्टी परत चाकावर जशीच्या तशी लावली आणि बघितलं.

ताईचा लाल ठिपका घडीच्या अलीकडं होता. माझा पांढराही अलीकडंच होता, ताईच्या किंचित पुढं, पण तो किंचितपणा मिरवण्यासारखा नव्हता. दोघींनी वर येणारी सुई थांबल्यासारखी दिसली की लगेच झालं म्हटलं होतं. आणि बाबांची रेघ घडीच्या पलीकडं होती. आमच्या दोघींपेक्षा जास्त चुकलेली.

आम्ही पुन्हा मोजलं. खुंटी काढून परत बसवली, नवी पट्टी लावली. घडी तिथंच आली. बाबांची रेघ पलीकडंच राहिली.

पलीकडं म्हणजे उशिरा. ठिणगी उशिरा पडली तर काय होतं ते आम्हाला आता पाठ झालं होतं. किकला दाद देत नाही, नुसती खोकते, ढकलली तर कशीबशी चालू होते. मी ताईकडं बघितलं आणि ती माझ्याकडं. ती म्हणाली, "म्हंजे आपला जोर कमी नव्हता."

मला वाटलं ती चेष्टा करतेय. पण तिचे डोळे भरले होते. मला तोवर माहीत नव्हतं की तिनं ते 'जोर लावा' इतकं मनावर घेतलं होतं. मी ढकलताना अर्धं लक्ष रस्त्यावर ठेवायचे, ती दात-ओठ खाऊन ढकलायची. बाबांना उशीर झाला, तांड्यावरचा कुणी तापानं आणखी आजारी पडला, तर ते आपल्यामुळं असं तिला वाटायचं. हे तिनं मला तिथं, काळ्या हातांनी, पहिल्यांदा सांगितलं. मी म्हटलं, पोरी रोज जेवत होत्या ताई, टॉप उपाशी होता. तेव्हा ती इतकी हसली की खुंटी मांडीवरून घरंगळली.

माय बाहेर आली. कोणाचं बरोबर निघालं, म्हणून तिनं विचारलं. मी सांगितलं, कोणाचंच नाही, बाबांचंही नाही. त्यांचं तर सगळ्यात चूक. माय जवळ येऊन वाकली. तिला चाकातलं काही कळत नव्हतं, पण ती बाबांच्या त्या 'टॉ' कडं बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "त्या मिस्त्रीनं दहादा सांगतलं होतं, मले दाखवा म्हणून. हात नाही लावू देला त्याले." आणि पदरानं त्या अक्षरांवरचं रॉकेल पुसून ती आत गेली. ताट वाढताना तिनं त्या दिवशी आम्हाला दोघींना तूप जास्त वाढलं.

घडीच्या जागी आम्ही टोकदार लोखंडी पंचानं बारीक खूण ठोकली. तिथून मागं मोजून ठिणगीचा पॉइंट लावला. लाल-पांढरे ठिपके पुसून टाकले. बाबांची रेघ राहू दिली. लोखंडात कोरलेली होती, आणि काढायची कुणाला घाईही नव्हती.

गाडी दुसऱ्या किकला चालू झाली. लाथ नाही, खोकला नाही. ताईनं क्लच सोडण्याआधी मान वळवून मागं बघितलं, खाटेकडं. मायनं या वेळी कुरडया आधीच आत नेल्या होत्या. गाडी पुढं गेली. फाटकातून बाहेर, रस्त्यावर, वळणाआड. मी आणि माय फाटकात उभ्या होतो. आवाज लांब लांब जात एकदम थांबला. मी चपला घालून रस्त्यावर आले. मग आवाज परत यायला लागला. ताईनं बसस्टँडापर्यंत जाऊन चक्कर मारून गाडी आणली होती. तिथं एका ओळखीच्या बाईनं हात केला म्हणून गप्पा मारायला थांबली होती, आणि नुसत्या किकनं चालू होते हे दाखवायला तिनं गाडी मुद्दाम तीन वेळा बंद केली होती.

गिअरच्या गाडीचं लायसन्स तिनं रीतसर काढलं. परीक्षेला गेली तेव्हा तिथल्या साहेबानं, मॅडम, गाडी मुलाची का, असं विचारलं. ती म्हणाली, वडिलांची.

पण खरी मजा पाऊस लागल्यावर झाली. सोयाबीनवर फवारणी सुरू झाली, आणि शेतकरी पाठीवर घेऊन फिरतात ते पेट्रोलचे फवारणी पंप बंद पडायला लागले. त्यातलं इंजिनही टू-स्ट्रोक, तेही वाऱ्यानं गार होणारं, एवढंसं. वेल्डिंगवाल्यानं सगळीकडं सांगून ठेवलंच होतं. आधी शेजारचा एक जण पंप घेऊन आला. ताईनं तो खोलला, प्लग साफ केला, कार्बन खरवडला, चालू करून दिला. मग दुसरा आला. मग तांड्यावरून कोणी, मग कुणाचे पाहुणे. आता मी गेले की अंगणात पंप रांगेनं उभे असतात. ताई कानाला चष्म्याची दोरी अडकवून मध्ये बसलेली असते आणि आणणाऱ्याला आधी टू-स्ट्रोक म्हणजे काय ते समजावते. ते ऐकून घेतल्याशिवाय पंप मिळत नाही.

परवाच्या रविवारी केनवडहून एक बाई आली होती. दोन बस बदलून, पंप पोत्यात गुंडाळून. फाटकातून तिनं विचारलं, मास्तरीण बाई इथंच राहतात का. माय खाटेवर बसली होती. म्हणाली, "इथंच राह्यते. बस, पाणी पे. तिले बोलू नोको आता, ते काहीतरी मोजून राह्यली."

ताईनं मान वर न करता मला हात केला. मी पिशवी ठेवली, पदर खोचला आणि चाक धरलं.